भाजणारीचं अक्षर

माझ्या नोकरीच्या फायलीत अनुभवाचं एक पत्र आहे. इंग्रजीत टाइप केलेलं, वर बचत गटाचं नाव, खाली गोल शिक्का आणि सही. ती सही सुलोचनाबाईंची आहे असं कंपनी समजते. सही मी केलेली आहे. आळेफाट्याच्या एका झेरॉक्सच्या दुकानात, काउंटरच्या काचेवर कागद ठेवून, त्यांच्यासारखा ‘सु’ जरा तिरका काढून. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही. सहा वर्षं त्या पत्रावर माझं घर चाललंय आणि सहा वर्षं मी घरी येसरची आमटी खाल्लेली नाही. पित्त होतं असं सांगतो.

पण नुसतं एवढं सांगून भागणार नाही. कुणाची सही केली ते कळायला ती बाई कळायला पाहिजे.

राजुरीत त्यांना सगळे सुलूकाकू म्हणायचे. साठीच्या पुढच्या, उंच, पाठीत किंचित वाकलेल्या. पदर कमरेला खोचलेला आणि अंबाड्यात निळं बॉलपेन. नवीन माणूस आधी त्या पेनाकडं बघायचा. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये काकू आणि गटातल्या सात बायका येसर करायच्या. ज्वारी, हरभऱ्याची डाळ, धने, मिरच्या, मसाला, प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा, मग एकत्र दळायचा. उकळत्या पाण्यात ते पीठ सोडलं की आमटी दाट होते. आमच्या जुन्नर-आंबेगावात लग्नघर म्हटलं की पत्रिका छापायच्या आधी येसरचं बघतात.

काकू कानानं भाजायच्या. धने कढईत पडले की हात वर करून सगळ्यांना गप्प करायच्या. “बोलू द्या त्यांना,” म्हणायच्या. धने तडतडायचे, मग तडतड विरळ व्हायची, आणि एका क्षणी, आम्हाला काहीच वेगळं ऐकू आलेलं नसताना, कढई खाली यायची. मिरच्या भाजायला घेतल्या की उलट. तेव्हा सगळ्यांनी मोकळेपणानं खोकायचं. तोंडाला रुमाल बांधून आत आलेल्या माणसाला त्या बँकेचा साहेब म्हणायच्या. फोन त्यांनी स्टीलच्या डब्यात ठेवलेला असायचा, पीठ जाऊ नये म्हणून. तो वाजला की डबा थरथरायचा आणि कुणीतरी ओरडायचं, काकू, डबा आला.

आणि ते पेन. प्रत्येक पाकिटावर तारखेच्या खाली ‘भा.’ असं छापलेलं होतं, म्हणजे भाजणारी, आणि त्यापुढं मोकळी जागा. जिनं तो घाणा भाजला तिचं पहिलं अक्षर तिथं पेनानं घालायचं. मंदाचा ‘मं’, फरीदाचा ‘फ’, काकूंचा ‘सु’. अक्षर घातल्याशिवाय पाकीट शेडबाहेर जायचं नाही. ओतूरची काही गिऱ्हाइकं तर दुकानात फक्त ‘फ’ मागायची. त्याचा काकूंना कोण आनंद. फरीदाला त्या दिवसभर दुकानदारीणबाई म्हणून हाक मारायच्या.

मी तिथं पोचलो तो असा. गाव माझं येडगाव. सतरा वर्षं चाकणच्या एका कारखान्यात स्टोअरला होतो. आमचा विभाग बंद झाला तेव्हा मी त्रेचाळीसचा. स्टोअरच्या जागा कुठं निघत नव्हत्या, निघायच्या त्या मार्केटिंगच्या, आणि तिथं पहिला प्रश्न अनुभवाचा. पुण्यात मुलाखत घेणारा एक पोरगा मला म्हणाला, काका, पगार मिळेपर्यंत कुठंतरी फुकट काम करा, निदान लिहायला काहीतरी होईल. ‘काका’ मला लागलं. पण सल्ला डोक्यात राहिला. बायकोची मावशी, मंदामावशी, काकूंच्या गटात होती. तिच्या ओळखीनं गेलो.

काकूंनी विचारलं, पगार किती घेणार. म्हटलं, पगार नको, अनुभव पाहिजे.

“अनुभव व्हय? त्यो हितं पोत्यानं पडलाय. न्या की भरून.”

बायका हसल्या. मी पण हसलो, उगाच. मग काकू हसायच्या थांबल्या.

“फुकट काम करणाऱ्याची मला लई भीती वाटती, दिलीपराव. त्याला बोलता येत नाय. चुकला तरी आपणच वशाळल्यावानी व्हतो. तुमी असं करा. दुपारचं हितं जेवायचं, आमच्या पंगतीत. घरनं डबा आणायचा नाय. आमचं जेवलेल्या माणसाला बोलायचा आमाला हक्क ऱ्हातो.”

त्या दुपारी बाजरीची भाकरी, येसरची आमटी आणि कांदा होता. जेवलो. हात धुऊन आलो आणि भिंतीशी टेकलो तर काकूंचा आवाज आला, “दिलीप, त्या पोत्याला टेकू नको, मिरच्या मोडत्यात.” जेवणाआधी दिलीपराव आणि तुमी. जेवणानंतर दिलीप आणि तू. कारखान्यातल्या सतरा वर्षांत मला कुणी इतक्या लवकर आपलं म्हटलेलं नव्हतं.

आठ महिने मी तिथं होतो. येडगावहून नारायणगाव, तिथून आळेफाटा, तिथून वडाप जीपनं राजुरी. मी पाकिटांचे फोटो काढले, मोबाइलवर गिऱ्हाइकांचा ग्रुप केला, ऑर्डरी लिहून ठेवल्या, एसटीनं पार्सलं पाठवली. वाटायचं आपण यांना मार्केटिंग शिकवतोय. काकू रोज दुपारी पहिली भाकरी मोडताना विचारायच्या, “आलं का पत्र?” अर्ज ईमेलवर जातात, उत्तरही तिथंच येतं, हे मी दोनदा समजावलं. त्या मान हलवायच्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा, आलं का पत्र. नाही म्हटलं की माझ्या ताटात आमटीचा आणखी एक डाव. जणू कंपनीनं नाकारलेल्या माणसाला भूक जास्त लागते.

पाकीट विकलं की पंधराएक दिवसांनी काकू स्वतः गिऱ्हाइकाला फोन लावायच्या. डबा मांडीवर, फोन कानाला. आमटीत गुठळ्या झाल्या का, पोरांनी खाल्ली का, म्हातारीला तिखट लागलं का. एकदा मंचरच्या एका बाईशी असं पाऊण तास चाललं आणि त्यात येसरचा विषय शेवटची दोन मिनिटं. मी म्हटलं, काकू, विक्री झालीय त्यांची, आता कशाला? त्यांनी माझ्याकडं बघितलं, मी काही फार वाईट बोलल्यासारखं.

“विकलं म्हंजी झालं व्हय? आपलं पीठ तिच्या घरात हाय आजून.”

आज पुण्यात मी तेवीस जणांच्या टीमला विक्रीनंतरचा फोन कसा करायचा ते शिकवतो. पडद्यावर चित्रं दाखवून. त्या चित्रांत डबा नसतो.

अक्षरावरून आमचं एकदा झालं. मी म्हटलं, काकू, ब्रँड एक पाहिजे. ही पेनाची अक्षरं घरगुती दिसतात, शहरातलं गिऱ्हाईक बिचकतं. हवं तर सगळ्या पाकिटांवर तुमचं एकटीचं नाव छापू, छान दिसेल. काकू ज्वारी निवडत होत्या. हात थांबला नाही.

“भाजलं फरीदानं, आन्‌ नाव माझं?”

“तसं नाही काकू, सगळ्या कंपन्या तेच करतात.”

“करूंद्या की. उद्या एखादा घाणा करपला तर त्या कंपनीत कुणाची मान खाली जाती, त्ये सांग मला.”

फरीदा तिकडून म्हणाली, “भाऊ, माझा फ ऱ्हाऊ दे. नवऱ्याला दाखवलाय मी.” विषय संपला.

दुसरी गोष्ट माझ्या चुकीची. मंचरला बचत गटांचं प्रदर्शन होतं. त्यासाठी नवीन पाकिटं छापायची होती आणि ते काम काकूंनी पूर्ण माझ्यावर टाकलेलं. मी नाव, वजन, तारीख लिहिली आणि खाली, कुणाला न विचारता, ‘दगडी जात्यावर दळलेले’ असं घातलं. येसर दळलं जायचं राजुरीतच, मिरची कांडपाच्या विजेच्या मशिनीवर. ते मला माहीत होतं. दर आठवड्याला पोती मीच तर लावायचो तिथं. पण असं लिहिलं की खपतं, हेही मला माहीत होतं. प्रदर्शनाच्या घाईत अक्षरं घालताना ती ओळ कुणी वाचली नाही.

खपलंही. पहिल्या तासात टेबलावरची अर्धी पाकिटं गेली. मग एका म्हाताऱ्या गृहस्थांनी काकूंना कौतुकानं विचारलं, अजून जातं वापरता का हो तुम्ही? काकूंनी पाकीट हातात घेऊन डोळ्यांपासून लांब धरलं आणि वाचलं. म्हणाल्या, “नाय वो पावणं, मशिनीवर दळतो. आमच्या पोरानं हौसेनं लिवलंय.” त्रेचाळीस वर्षांचं पोर बाजूला उभं होतं. त्यानंतर दिवसभर येईल त्या गिऱ्हाइकाला त्या आधी ते सांगायच्या आणि मग पाकीट द्यायच्या. काही जण घ्यायचे, काही ठेवून जायचे. मला त्या एक शब्द बोलल्या नाहीत. प्रदर्शनात जेवण संयोजकांचं होतं.

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये जेवण झालं, हात धुतले आणि मग बोलल्या. काय बोलल्या ते सगळं लिहीत नाही. शेवटचं तेवढं सांगतो. “आमी आठ जणी ज्या पाकिटावर आपलं अक्षर घालतो, त्याच्यावर तू खोटं छापलंस. म्हंजी आमच्या अक्षराखाली.” आठही जणी बसल्या आणि उरलेल्या एकेका पाकिटावरची ती ओळ पेनानं खोडली. मी पण बसलो. राहिली ती पाकिटं जी मंचरच्या आधीच ओतूरच्या एका किराणा दुकानात आणि येडगावच्या धरणाजवळच्या एका हॉटेलात गेली होती. काकूंनी जा म्हटलं नाही. मीच गेलो. ओतूरचा दुकानदार खो खो हसला. म्हणाला, “कोण वाचतंय राव? ऱ्हाऊ द्या की.” मी त्याच्या काउंटरशी उभा राहून सगळी पाकिटं खोडली, हॉटेलात पण तसंच केलं. परत आलो तर काकूंनी माझ्या बोटांवरची शाई बघितली आणि मंदामावशीला म्हणाल्या, “माणूस व्हायला लागलंय.” ते वाक्य मी किती दिवस मनात घोळवत होतो. या वयात.

आठव्या महिन्यात पुण्याच्या एका मसाल्याच्या कंपनीकडून उत्तर आलं. मुलाखत बरी झाली, आता अनुभवाचं पत्र आणा म्हणाले. काकूंना सांगितलं. त्यांनी वेळ मागून घेतला. चार दिवस गेले, पाच गेले. मला वाटलं विसरल्या. सातव्या दिवशी अंबाड्यातलं पेन काढून त्यांनी वहीतलं एक रेघांचं पान माझ्यासमोरच पुरं केलं. पानावर कुठं खाडाखोड नव्हती, सावकाश लिहिलेलं होतं. आधी कच्चं लिहून बघितलं असणार. ते असं होतं:

‘दिलीप यांनी आमच्या गटात आठ महिने काम केले. पगार घेतला नाही. आले तेव्हा येत नव्हते, आता येते. गिऱ्हाइकाशी नीट बोलतात. एकदा चुकले, ते स्वतः जाऊन कबूल केले. असा माणूस ज्यांच्याकडे जाईल त्यांचे चांगले होईल.’

खाली पूर्ण नाव. आणि कोपऱ्यात, पाकिटावर घालतात तसं, ‘सु’.

“नीट हाय का बघ,” म्हणाल्या. सातवी शिकलेल्या होत्या, शुद्धलेखनाची धास्ती असायची. मी म्हटलं, एकदम छान आहे.

राजुरी ते आळेफाटा जीपमध्ये मी ते पान चारदा वाचलं आणि दर वेळी मला लाज वाटली. पगार घेतला नाही. येत नव्हते. चुकले. पुण्यातल्या त्या काचेच्या केबिनमध्ये हे पान कोण कसं हातात धरेल ते मला दिसत होतं. मुलगी बारावीला होती, बायको शेजारच्यांचे ब्लाउज शिवत होती, आणि मला वाटलं, एका चांगल्या बाईच्या साधेपणामुळं माझी नोकरी जाणार. असंच वाटलं मला. झेरॉक्सच्या दुकानात गेलो, लेटरहेड करून घेतलं. मार्केटिंग मॅनेजर, दोन वर्षं. गटाचा शिक्का पार्सलांसाठी माझ्या पिशवीत असायचा. काकूंनीच सांभाळायला दिलेला. शिक्का मारला आणि सही केली. काकूंचं पान घडी करून त्याच फायलीत मागं ठेवलं. अजून तिथंच आहे.

आठवड्यानं कंपनीतल्या बाईंचा फोन आला, नेमणूक पक्की झाल्याचा. बोलता बोलता म्हणाल्या, तुमच्या मॅडमशी बोलले मी. पत्र मराठीत वाचून दाखवलं त्यांना, दोन वर्षं, मॅनेजर, सगळं. बराच वेळ काहीच बोलेनात, मला वाटलं फोन कट झाला. मग म्हणाल्या, व्हय, सही माझीच हाय. साध्या आहेत हो अगदी.

मी अंगणात उभा होतो. बायको पेढे आणायला निघाली होती.

मला त्या वेळी डबा दिसला. थरथरणारा. कुणीतरी म्हटलं असेल, काकू, डबा आला. हात पुसून त्यांनी फोन घेतला असेल, शेड गप्प झालं असेल. मंचरच्या मंडपात दिवसभर येईल त्याला आधी खरं सांगत बसलेली बाई. तिनं तेवढ्या वेळात काय काय आठवलं असेल? माझी बारावीतली पोरगी? ताटातला आमटीचा डाव? मला कळत नाही. मी कधी विचारलं नाही.

पेढे घेऊन गेलो, जायलाच लागणार होतं. दुपारची वेळ होती. पंगत बसत होती, बायकांनी जागा करून दिली. काकूंनी पेढा घेतला, अर्धा मोडून फरीदाला दिला. म्हणाल्या, “आलं म्हणायचं पत्र.” मग माझ्याकडं बघून विचारलं, “जेवणार ना?”

घरून मी उपाशी निघालो होतो. भाकरी भाजल्याचा वास शेडभर होता. आणि मला नीट कळत होतं की जेवलो तर हात धुतल्यावर काय होणार आहे. त्या बोलणार. बोलायचा त्यांना हक्क होता, आणि त्यांनी तो हक्क रीतसर मागितला होता.

मी म्हटलं, “जेवून आलोय.”

काकू उठल्या, फळीवरून येसरचं एक पाकीट काढलं, त्यांच्याच सकाळच्या घाण्यातलं. अजून कोमट होतं. दारापर्यंत आल्या. अंबाड्यातलं पेन काढलं, पाकीट चौकटीला टेकवलं, ‘भा.’ पुढच्या मोकळ्या जागेवर पेनाचं टोक ठेवलं. ठेवलं आणि थांबल्या. मग पेन परत अंबाड्यात खोचलं आणि पाकीट तसंच माझ्या हातात दिलं.

“घरी द्या, दिलीपराव. सांभाळून जावा.”

मला वाटलं, पेनातली शाई संपली असेल.

त्यानंतर मी त्यांना पाहिलं नाही. फोन करेन करेन म्हणत वर्षं गेली. मागच्या मार्गशीर्षात त्या गेल्या. तेराव्याला मी राजुरीला गेलो. शेडच्या दाराशी मंदामावशी भेटली. रडून झाल्यावर तिनं आतून एक पाकीट आणून दाखवलं, काकूंच्या हातचं शेवटचं. ‘भा.’ पुढं काही नव्हतं.

“शेवटची पाच वर्षं आशीच कोरी सोडायच्या बघ आपली,” मावशी म्हणाली. “आमची घालायला लावायच्या, आपलं घालायच्या न्हाईत. लई इचारलं. म्हणायच्या, माझं अक्षर आता घालण्याजोगं ऱ्हायलं न्हाय. आमाला वाटलं हात कापतो. पर गिऱ्हाइकाचे नंबर तर चांगले लिवायच्या की.”

आत पंगत बसायला लागली होती. मावशी म्हणाली, बस, जेवून जा. मी म्हटलं, पुण्याला पोचायचंय.

अजून मला त्या दारातच दिसतात. पाकीट चौकटीला टेकवलेलं, पेन हातात, टोक कागदावर. ते अक्षर माझ्यासमोर थांबलं आणि मी शाईचा विचार करत उभा राहिलो.

हे लिहून काही फिटलेलं नाही. इथं मला बोलणारं कुणी नाही. काकूंच्या पानावर माझ्याविषयी एक ओळ आहे, एकदा चुकले, ते स्वतः जाऊन कबूल केले. या सहीपुरती ती ओळ अजून खरी व्हायची आहे. राजुरीला जायचं, त्या सात बायकांच्या पंगतीत बसून पोटभर जेवायचं, हात धुवायचे आणि त्यांना सांगायचं की ती सही माझी होती, काकूंचं अक्षर शेवटपर्यंत घालण्याजोगंच होतं. मग त्या बोलतील ते ऐकायचं. एवढं माझ्याकडं राहिलं आहे.